दाराची कडी

मला ऐकू येईनासं झाल्यापासून ह्यांचे ओठ हलले की मी नुसती मान डोलवायची. कानाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी माझी स्मरणशक्ती कसून तपासली आणि कागदावर लिहून दाखवलं, "आजी, तुमचा मेंदू ठणठणीत आहे."

मशीन बसवल्यावर काही आठवडे सगळे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटायचे. आज मात्र ह्यांचा शब्द न् शब्द कळला. "दाराला कडी घातलीस का गं?"

"हो," म्हणताना मला भरून आलं.

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. मग पुन्हा.

"अहो, घातली ना! किती वेळा सांगू?"

ते दचकून मागे सरकले.



"तुम्ही कोण, बाई? आमच्या हिला तर ऐकू येत नाही."