पंखाच्या पोकळीत हात

विमानाच्या पत्र्यात रिव्हेट बसवायला दोघं लागतात. एकजण बाहेरून ठोकतो, दुसरा पंखाच्या पोकळीत हात घालून लोखंडी ठोकळा धरतो. विमान संग्रहालयातल्या मुलांच्या कार्यशाळेत मी हेच शिकवतो. आज ठोकळा माझ्या भाचीने हट्टाने मागून घेतला होता.

"मामा, आत ओलं आहे."

"जुनं तेल असेल. हात हलवू नकोस."

"तेल कोमट असतं?"

बाकीची मुलं "ईऽऽ" करून खिदळली. मीही हसलो.

मग पोकळीतून वास आला. रात्रभर बंद राहिलेल्या तोंडाचा.

"मामा, कुणीतरी चाटतंय."

मी तिला कमरेला धरून ओढलं. हात सुटेना. आत चोखल्याचा आवाज येत होता, अगदी निवांत. मी पंखाला पाय लावून हिसका दिला.

हात निघाला, कोपरापर्यंत बुळबुळीत. लाळेची तार भोकापर्यंत ताणली गेली, पण तुटली नाही. नखांवरचा निळा रंग गेला होता आणि नखं भिजलेल्या कागदासारखी दुमडत होती.

मी तिला नळाकडे वळवलं. "चल, आधी साबणाने धू."

तिने तोंड वाकडं केलं. हात नाकाशी नेऊन हुंगला.

आणि डोळे मिटून बोटं चोखायला लागली.