ताकदीची चिप

"बाबा, या चिपनं इंजिनाची ताकद वाढते," म्हणत मुलानं स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि बाबांनी कान टवकारले. वर्षभर 'आता गाडी चालवणं सोडा' म्हणून हात धुऊन मागे लागलेला हा पोरगा, सत्तरीतल्या बापाच्या गाडीची ताकद वाढवतोय? पाणी कुठेतरी मुरत होतं.

चिप बसताच ते एकटेच चक्कर मारायला निघाले. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून धरला, तरी काटा चाळिसाच्या पुढे सरकेना.

असं आहे तर! त्यांना रागही आला आणि हसूही. हाच मुलगा नुकताच गाडी चालवायला शिकला, तेव्हा त्यांनीच अ‍ॅक्सिलरेटरखाली गुपचूप लाकडी ठोकळा बसवला होता आणि 'पेडल जरा कडक आहे' अशी थाप मारली होती. ती पचली, असंच ते आजवर समजून होते.

परतले तेव्हा मुलगा दारातच उभा होता. "कशी पळते, बाबा?"

"उडते नुसती!" त्याची नजर चुकवत ते म्हणाले, आणि जागीच थबकले.

वीस वर्षांपूर्वी पहिली चक्कर मारून आलेल्या पोरानंही याच दारात, अशीच नजर चुकवत, हेच उत्तर दिलं होतं.