नुसतं म्हणायचं असतं

"तुझी कच्ची बाजू कोणती?" लॅपटॉपमधून हनुमंतरावांनी विचारलं.

"भाकरीची," चैताली म्हणाली. "खालची बाजू कच्ची राहते."

कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने कणगीला टेकून बसलेल्या नंदाबाईने कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीत प्रेरणा मॅडम तेवढ्या हसल्या. ऑटिझम असलेल्या मुलामुलींना नोकरीसाठी तयार करणारा त्यांचा ऑनलाइन वर्ग सहा महिने चालला होता, आणि आज पहिल्यांदाच समोर खरा मालक बसला होता. हनुमंतरावांची लोणावळ्यात लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालून परत पाठवायच्या. घड्या घालायला त्यांना माणूस हवं होतं.

वडिवळ्याच्या घरून कामशेत, कामशेतहून लोणावळा. नंदाबाईने लेकीला मनातल्या मनात दहा वेळा पोचवून परत आणलं होतं. आपल्यामागे हिचं कसं, या एका प्रश्नाने बावीस वर्षं तिची झोप खाल्ली होती. त्याचं उत्तर आज त्या चौकटीत चहा पीत बसलं होतं. 'पालकांनी मध्ये बोलायचं नाही हं, मावशी,' असं मॅडमनी सकाळीच बजावलेलं; त्यामुळे भाताची कापणी अर्ध्यावर टाकून आलेली नंदाबाई पदर तोंडात धरून गप्प होती.

"एक चादर घडी घालून दाखव बरं," हनुमंतराव म्हणाले.

चैतालीने दाखवली. चारी कोपरे असे जुळले, की हनुमंतरावांनी हातातला कप खाली ठेवला. नंदाबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चैताली पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या मागच्या थप्पीत वरून तिसरी चादर उलटी आहे."

ती बोलायची ते असं पुस्तकातल्यासारखं. घरात कुणीच तसं बोलत नसे.

हनुमंतरावांनी मागे वळून पाहिलं. तिसरी चादर उलटीच होती. मागे काम करणाऱ्या दोन बायका फिसकन हसल्या. हनुमंतरावांनी चादर ओढून काढली, सुलटी करून ठेवली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले, तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कळवतो."

हे 'कळवतो' नंदाबाईच्या चांगल्या ओळखीचं होतं. थोरल्या लेकीला पाहायला आलेली दोन स्थळं पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेली होती. ती अजून कळवतायत.

चैतालीने मात्र मान डोलावली. "येते," ती म्हणाली.

हा शब्द नंदाबाईने तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतला होता. घरातून निघताना चैताली सरळ 'जाते' म्हणायची, कारण ती जातच असायची. ते ऐकून आळीतल्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवायच्या. आज मालकासमोर तरी तसं नको, म्हणून ही सगळी घोकंपट्टी.

चैताली उठली. खुंटीवरची पिशवी तिने खांद्याला लावली आणि दारात जाऊन चपला पायात सरकवल्या.

"कुटं गं?" नंदाबाईला राहवलं नाही.

"लोणावळ्याला. मी सरांना 'येते' म्हणाले."

"अगं बये, आत्ता न्हाई! ते नुसतं म्हनायचं असतं."

चैताली उंबऱ्यात थांबली. मग चपलांसकट आत आली आणि लॅपटॉपसमोर बसली. मायलेकींचं सगळं बोलणं पलीकडे ऐकू गेलं होतं. दोन्ही चौकटींत माणसं जागच्या जागी होती.

"सर," तिने विचारलं, "तुमचं 'कळवतो' पण नुसतं म्हणायचं असतं का?"

प्रेरणा मॅडम खाली पाहू लागल्या. हनुमंतरावांनी कप उचलला, तो रिकामा असल्याचं पाहून पुन्हा ठेवला. रेंज जाईल तर बरं, असं नंदाबाईला वाटलं. पण सहा महिने ऐन वेळी दगा देणारी रेंज आज हटून बसली होती.

"व्हय," हनुमंतराव अखेर म्हणाले. इतका वेळ नीटनेटकं शहरी बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून अचानक गावाकडची बोली आली. "नुसतंच म्हनलं, पोरी."

"बरं," चैताली म्हणाली. तिचा चेहरा होता तसाच होता. हनुमंतराव आणखी काहीतरी सांगायला पुढे सरकले होते, पण चैतालीचं बोट लाल बटणावर पोचलं होतं.

"मग जाते," ती म्हणाली.

या खेपेला नंदाबाईने तिला टोकलं नाही.