सायकलचं नाव

तिच्या सायकलचं पंक्चर काढून झालं तरी सायकल मिस्त्री अर्धवट रंगवलेल्या पाटीकडेच बघत बसला होता. "वहिनी, भाड्याच्या सायकलींची पाटी करतोय. बॅटरीवालीला ई-सायकल लिहिलं. पायडलवालीला काय लिहू? साधी?"

तिला सासूबाई आठवल्या. पाहुण्यांना त्या पूर्वी नुसतं "ही आमची सून" म्हणायच्या. बँकेत नोकरी करणारी धाकटी जाऊ आली, तेव्हापासून "ही बँकेत असते, आणि ही काय, घरीच" असं सांगू लागल्या.

"सायकलच लिहा," ती म्हणाली. "नवी आली म्हणून हिचं नाव कशाला बदलायचं?"

मिस्त्रीनं ब्रश रंगात बुडवला आणि पाटीवर "सायकल" लिहिलं.

संध्याकाळी पाहुणे आले. धाकटीची ओळख करून देऊन सासूबाई थोरलीकडे वळल्या, "आणि ही..."

चहाचा ट्रे पुढे करत तीच म्हणाली, "मी शालन."