पाणी निळं ठेवायचं

पाण्याला हात लागला की कोपरापर्यंत कळ जायची. तरी डोमानं अंगणातल्या पोहण्याच्या टाक्याच्या तळाशी बसलेली पानं लांब दांड्याच्या जाळीनं उचलली, कडेला झटकली आणि मोबाईल काढला.

१२ डिसेंबर. पहिली पाळी. पंप चालू. पाणी ठीक.

एवढं लिहायला त्याला पाच मिनिटं लागली. मग फोटो. मग रिपोर्ट आणि फोटो मुलाला, सुगतला, बंगळुरूला.

चिखल्याच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं तो पंपावर होता. खाली साचलेलं पाणी वर फेकायचं आणि पाळी संपली की रिपोर्ट द्यायचा. इथं पाणी फेकायचं नव्हतं, सांभाळायचं होतं. पण पंप आला की अंगावर खाकी आलीच, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. जुना खाकी शर्ट गळ्यापर्यंत बंद केल्याशिवाय तो पंपाच्या बटणाला हात लावत नसे.

"डोमाभाऊ!" कुंपणापलीकडून देवाजीनं हाक दिली. देवाजी पूर्वी गावतलावाचा पाणकर; कोणाच्या धानाच्या बांधीला किती पाणी सोडायचं ते तोच ठरवायचा. "या थंडीत बेडूक बी पाण्यात उतरत नाही. तू कोणासाठी धुऊन राहिला हे टाकं?"

"माह्यासाठी."

"तुले पोहता येते?"

"नाही येत."

"मंग उपसून टाक ना बावा! उन्हाळ्यात भरजो."

"रिकामं ठेवलं तं जमिनीतलं पाणी खालून फरशी उचलते. तू पाणकर होता का ढोरकी?"

देवाजी खोकल्यासारखा हसला आणि बिडी शोधत निघून गेला.

कोंढ्याच्या शिवेवरची ही जागा डोमाची, घर सुगतनं बांधलेलं. कर्जाच्या वेळी जागा सुगतच्या नावावर करावी लागली. डोमानं कागद वाचले नाहीत, सही केली. पोराच्या नावावर काय आणि आपल्या नावावर काय. त्याची बायको पंचफुला याच घरात वारली. शेवटच्या महिन्यात तिची खाट या पाण्याकडं तोंड करून असायची. तिच्या आजीला तलावाच्या पायऱ्या उतरू देत नसत, आणि आपल्या दारात एवढं पाणी, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत सुगत आला, तेव्हा डोमा न्हाणीत घसरून पडल्याचं त्याला कळलं. त्यानं नागपूरच्या एका वृद्धाश्रमाचा कागद टेबलावर ठेवला. दोन दिवस डोमा जेवला नाही.

निघताना सुगत स्वतःच म्हणाला, "बरं बाबा. हिवाळाभर हा स्विमिंग पूल सांभाळून दाखवा. पाणी निळं पाहिजे, रोज फोटो पाहिजे. जमलं तर तुम्हाला या घरातून कोणी हलवणार नाही. माझा शब्द आहे."

डोमानं तो शब्द गाठीला बांधला.

२० डिसेंबर. पहिली पाळी. पंप चार तास. पाणी ठीक.

सुगतचं उत्तर यायचं. "दोरीवरचे कपडे काढून फोटो घ्या." "जरा उन्हात घ्या, पाणी चमकलं पाहिजे." पोरगं बारकाईनं तपासते, डोमाला वाटे. तपासू दे. खाणीतला सायब बी असाच होता.

५ जानेवारी. पहिली पाळी. पाणी हिर

पुढचं अक्षर त्यानं लिहिलं नाही. होतं तेही पुसलं.

तीन दिवस आभाळ, मध्ये अवकाळी पाऊस. टाक्याच्या भिंतींवर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागत होतं. डोमानं औषधाची दुप्पट मात्रा सोडली, कडेला गुडघ्यांवर बसून लांब दांड्याच्या ब्रशनं एकेक फरशी घासायला घेतली. दुपारी फोन वाजला.

"बाबा, आज फोटो नाही?"

"मोबाईल उतरला होता."

तीस वर्षांत त्यानं एकही खोटा रिपोर्ट दिला नव्हता. त्याचा आवाज त्याच्याच कानाला परका लागला.

देवाजी न बोलावता कुंपण ओलांडून आला. "सरक तिकडं. मरशील." त्यानं दुसरा ब्रश उचलला. संध्याकाळपर्यंत दोघं म्हातारे समोरासमोरच्या भिंती घासत राहिले. डोमाला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी तळाची फरशी मोजता येईल असं पाणी निवळलं.

८ जानेवारी. पहिली पाळी. पंप चालू. पाणी ठीक.

"मस्त!" सुगतनं लिहिलं. "बाबा, एक तुमचाही फोटो पाठवा. असाच खाकीत, जाळी हातात धरून."

डोमानं केस ओले करून भांग पाडला. फोटो देवाजीनं काढला. "हास ना रे, पोरानं मागतला हाये." डोमाला हसू येईना, डोळेच भरून येत होते. पोरानं कितीतरी वर्षांनी आपला फोटो मागितला होता.

९ फेब्रुवारी. पहिली पाळी. पंप चालू. पाणी ठीक.

थंडी सरत आली होती. अजून वीस दिवस, की हिवाळा संपला. डोमा जाळी धरून उभा होता तेव्हा फाटकाशी गाडी थांबली. नागपूरचं जोडपं, तिशीतलं. सुगतचे मित्र असतील.

बाई सरळ पाण्याशी आली, वाकून तिनं बोटं बुडवली. "अहो, बघा तरी! अगदी फोटोत होतं तसंच."

डोमाचा ऊर भरून आला. "तुम्ही बी पाहिले फोटो?"

"सगळे. रोजचे रोज. म्हणून तर आलो."

"बसा ना मग. चहा मांडतो."

तो वळला. मागून त्या माणसानं हाक मारली, मोठ्या आपुलकीनं.

"काका, तुम्ही बिनघोर राहा. घर आम्ही घेतलं तरी पंपवाल्याला कामावरून काढायचं नाही, ही मालकांची एकच अट आहे."