सगळ्यांत पुढे

रानातून डोंगराच्या धारेने माणसं शिखरावर न्यायची, तर वाटाड्याचा एक नियम होता. ज्याला सगळ्यांत आधी धाप लागते, त्याला सगळ्यांत पुढे ठेवायचं. मग बाकीचे त्याच्या चालीने चालतात आणि कुणी मागे राहत नाही. कारण मात्र त्याला सांगायचं नाही; "तुझी नजर चांगली आहे, तू वाट दाखव," एवढंच म्हणायचं. आठ वर्षांची असताना त्याची लेक याच वाक्यावर छाती काढून पुढे चालली होती आणि दर वळणावर विचारत होती, "हीच ना वाट, बाबा?"

पुढे काम शिकवताना हा नियम त्याने तिला सांगून टाकला. आता माणसं तीच नेत होती; आज त्यांच्यात तोही होता.

शेवटच्या चढाला ती थांबली. सॅकचे पट्टे उगाच आवळत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ही वाट तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. तुम्ही पुढे व्हा."

तो काठीवर रेलून उभा होता. काठी उचलून तो सगळ्यांच्या पुढे गेला. डोळे मिटून चालता येईल अशा त्या वाटेच्या पहिल्याच वळणावर, मागे न बघता त्याने विचारलं, "हीच ना गं वाट?"