आजची चूक

जाडजूड मेणबत्ती साच्यातून बाहेर आली खरी, पण अर्धीच. उरलेली अर्धी आतच ठाण मांडून बसली. भाचीने हातातल्या तुकड्यात नख रोवलं, तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं. हे सोयाबीनचं मेण होतं. काचेच्या ग्लासात ओतायचं मऊ मेण उभ्या मेणबत्तीच्या साच्यात गेलं होतं. तिथे हवं होतं ते टणक पॅराफिन. आणि कारखान्यात माणसं दोनच, ती आणि तिची आत्या.

भाचीने आधी सुटकेचा श्वास सोडला. चला, आजची चूक सापडली. मग शेजारच्या साच्यात जाड वातीऐवजी बारीक वात पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. ही दुसरी. खिडकीतल्या मेणबत्त्यांच्या मधोमध पडलेले खळगे न भरता तसेच होते. ही तिसरी. रोज एकच चूक असायची, असं ठरलेलं होतं.

आत्याची शिकवायची रीत जगावेगळी. सरळ सांगितलेलं या कानाने येतं आणि त्या कानाने जातं, शोधून काढलेलं डोक्यात बसतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती रोज मुद्दाम एक चूक करून ठेवायची आणि भाचीने ती हुडकायची. पॅराफिन थंड होताना मधे खळगा पडतो, तो दुसऱ्यांदा मेण ओतून भरायचा असतो. आत्या तो तसाच सोडायची. मधमाश्यांचं मेण चिवट, त्याला जाड वात लागते. आत्या बारीक घालून साळसूदपणे चहा करायला निघून जायची. चूक सापडली की टाळी देऊन म्हणायची, पकडलंस बघ. ज्या दिवशी तुझ्या नजरेतून काही सुटणार नाही, त्या दिवसापासून हे सगळं तुझं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

भाचीने ते मनावर घेतलं होतं. आधीची नोकरी गेल्यावर ती तोंड पाडून इथे आली होती. या दोन खोल्या आणि गरम मेणाचा वास यांनीच तिला माणसात आणलं होतं. हे काम हातचं जाऊ नये, एवढंच तिला वाटायचं.

पण अलीकडे तिला काही कळेनासं झालं होतं. आत्या काही चुकांना टाळी द्यायची आणि काहींना चूकच मानायची नाही. परवा मधमाश्यांच्या मेणात बारीक वात दिसली, तर आत्याने ठणकावून सांगितलं की तिथे तीच घालतात. भाचीने घरी जाऊन तसली एक मेणबत्ती पेटवून पाहिली. ज्योतीने मधे विहीर खणली आणि त्यातच ती बुडाली. मग बरोबर कोण, आत्या की मेणबत्ती? पहिल्या आठवड्यात शिकलेलंसुद्धा तिला आता खात्रीने आठवेना. आत्या दुपारी जरा आडवी झाली की भाची गुपचूप बिघडलेला माल वितळवायची, वाती बदलायची, खळगे भरायची. गिऱ्हाइकाला वाकडं काही जाता कामा नये ना. हे करताना आपण परीक्षेत कॉपी करतोय असं तिला वाटायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची.

मैत्रिणीने एका हॉटेलात काम बघून ठेवलं होतं. भाची आज तेच सांगायचं ठरवून आली होती.

आत्या चहाचे कप घेऊन आत आली. मोडकी मेणबत्ती बघून म्हणाली, “अगं बाई, ही कशी मोडली?”

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. कालपर्यंतचं सगळं एकदमच बाहेर पडलं. “आत्या, मला नाही जमत हे. आज मला तीन चुका दिसतायत आणि त्यातली तुझी कुठली, ते कळत नाहीये. मी हरले. आजची तूच दाखव. उद्यापासून मी येत नाही.”

आत्याने कप खाली ठेवले. मोडका तुकडा उचलला, अंगठ्याने दाबला, नाकाशी धरला. मेणाच्या दोन्ही पोत्यांपाशी गेली, दोन्हींतला पांढरा चुरा मुठीत घेऊन बघितला आणि तशीच उभी राहिली. खोलीत येऊन कशाला आलो तेच विसरलेल्या माणसासारखी ती एकदा पोत्यांकडे बघत होती, एकदा साच्यांकडे. आत्या चिडली असणार, असं भाचीला वाटलं. मग तिला आत्याचा हात दिसला. त्यात दोन्ही मेणांचा चुरा एकत्र झाला होता.

“आत्या?”

आत्या स्टुलावर बसली. मुठीतला चुरा चोळत राहिली.

“तू सांगितलंस की मला कळायचं, काय चुकलं ते. म्हणून टाळी द्यायचे,” ती म्हणाली. “कधीकधी तू सांगूनही कळायचं नाही. मग तुझ्यावरच डाफरायचे. भीती वाटायची गं.”

भाचीला अजून नीटसं उमगलं नव्हतं. ती तिच्यासमोर उकिडवी बसली. “पण आजची चूक कुठली, आत्या? तू मुद्दाम केलेली?”

“तो खेळ मी उन्हाळ्यातच थांबवला,” आत्या म्हणाली. “तेव्हापासून मी एकही चूक मुद्दाम केलेली नाही. आणि तेव्हापासून हा कारखाना तूच चालवतेयस.”